मोठी बॅटरी भरलेली, ट्रक जागेवर

नागपूरच्या कळमना बाजारात विजेच्या ट्रकवर संत्र्यांचे क्रेट चढवून झालेत, चालक चावी फिरवतो आणि समोरचा पडदा काळाच राहतो. मोठी बॅटरी भरलेली असते. बसलेली असते ती दुसरीच, साधी १२ व्होल्टची. जड ट्रकमध्ये अशा दोन जोडून २४ व्होल्ट केलेले असतात.

विजेच्या ट्रकचा संगणक, दिवे, कुलपं या लहान बॅटरीवर चालतात. तिने काँटॅक्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीचा स्विच, ओढला तरच मोठ्या बॅटरीची वीज मोटरपर्यंत पोचते. ती मेली की मोठीतली वीज आतच अडकून राहते, आणि अशा गाडीला धक्का मारूनही उपयोग नाही.

डिझेलचा ट्रक निदान आधी कुरकुरतो. स्टार्टर जड फिरतो, चालक समजतो की बॅटरी उतरत चालली. विजेच्या ट्रकला स्टार्टरच नाही. त्यामुळे अर्धमेली बॅटरीही महिनोन्‌महिने काम रेटते आणि एका सकाळी न सांगता संपते. त्यात मालक तिच्यावरच जीपीएस आणि जादा दिवे जोडतात. गाडी उभी असतानाही ते वीज खात राहतात.

नागपुरात लहान बॅटरीकडे दुर्लक्ष आणखी महाग पडतं. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. शिसं-आम्लाची बॅटरी सतत दहा अंश जास्त उष्णतेत राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. देशातल्या विजेच्या टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग मे २०१७ मध्ये याच शहरात सुरू झाला. एवढ्या वर्षांनंतरही विक्रीच्या टेबलावर बोलणं होतं ते फक्त मोठ्या बॅटरीच्या वॉरंटीचं. लहान बॅटरीचा विषय निघतच नाही. हे चूक आहे.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण शिस्तीचं आहे. गाडी पूर्ण बंद करा, चार्जिंगची गन काढा, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. बॅटरी ट्रकच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच हवी, स्वस्त मिळाली म्हणून दुसरी नको. जोडी असेल तर दोन्ही एकदम बदला. जुनी भंगारात फेकू नका, दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापरात नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

मालकांनो, होळीच्या आसपास लहान बॅटरी दुकानात नेऊन लोड टेस्ट करून घ्या, म्हणजे भार देऊन तपासणी. नुसते व्होल्ट मोजून भागत नाही, कमजोर बॅटरीही भार नसताना १२.६ दाखवू शकते. आणि ट्रक विकणाऱ्यांनी विदर्भात ही तपासणी उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये फुकट धरावी, बॅटरी बदलण्याची कृती मराठीत छापून केबिनमध्ये चिकटवावी.