चोरावर मोर

गाडी चार दिवस सोसायटीत उभी राहिली की पाचव्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. गॅरेजवाल्याचं निदान तयार: “साहेब, बॅटरी गेली.” वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. गळकी टाकी न बुजवता टँकर मागवत राहावं, तसा प्रकार.

शेवटी मीच मल्टिमीटर आणला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, मधे मीटर जोडायचा, दारं लावायची आणि गाडीला झोप लागेपर्यंत अर्धा तास थांबायचं. हो, हल्लीच्या गाड्या झोपतातही. आतले छोटे कॉम्प्युटर एकेक करून निजतात. मग घड्याळ, लॉक वगैरेंना मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज लागली तर चालतं. माझा मीटर ४०० दाखवत होता. म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास. ३५ची बॅटरी चार दिवसांत सफाचट. गुपचूप वीज पिणाऱ्या या अनोळखी पाहुण्याचा हिशोब चोख होता!

त्या अर्ध्या तासात सोसायटीतले सहा जण सल्ला देऊन गेले. सल्ला एकच: बॅटरी बदला.

मग एकेक फ्यूज उपटत गेलो. म्युझिक सिस्टिम निर्दोष, आतले दिवे निर्दोष. बाराव्या फ्यूजला आकडा धपकन ३०वर आला. त्याच्या वायरीला कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळून जोड मारला होता. धागा धरत गेलो, तर टोकाला बाहेरून हौसेने बसवून घेतलेला चोरीविरोधी अलार्म! कामगिरी मात्र चोख: चोर आला असता, तरी गाडी सुरू झाली नसती.

अलार्म काढला. आता गाडी पंधरा दिवसांनीही एका फटक्यात सुरू होते. चोरांनी नोंद घ्यावी.