अबब, पोट्ट्यांना भाव आला!

ऐकलं का? नाही ऐकलं? मग गेल्या तीन दिवसांत तुम्ही वडनेरला हायवेवरच्या चहाच्या टपरीकडे फिरकलेलेच दिसत नाही. अहो, सगळ्या गावाला माहीत झालंय. आमच्या सरांच्या हाताखाली तयार झालेला एक पोट्टा (नाव सांगत नाही, त्याची माय आमच्याच गल्लीत राहते) शेजारच्या गावाच्या संघाकडून कबड्डी खेळला. पैसे घेऊन! रोख! वर मोटरसायकलीत पेट्रोल आणि रात्री मटण. रस्सा दोनदा वाढला म्हणे, पण ते मी कोणाजवळ बोललो नाही.

पैसे नेमके किती, यावर एकमत नाही. टपरीवर पाचशे म्हणतात, बसथांब्यावर दोन हजार म्हणतात आणि सलूनमध्ये पाच हजारांच्या खाली कोणी बोलायलाच तयार नाही. सर मात्र तीन दिवसांपासून गप्प आहेत. चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. तसा डॉक्टरांनी तो चार वर्षांपूर्वीच सांगितला होता, पण सुरू आत्ता झाला.

सर म्हणजे सर. गावात बाकीच्या शिक्षकांना आडनाव लावावं लागतं, यांना लागत नाही. शाळेतून निवृत्त झाले, मैदानातून झाले नाहीत. संध्याकाळी पाचला गळ्यात शिट्टी, हातात निंबाची छडी. कबड्डी मॅटवर गेली तरी सर मातीचंच बोलतात, जसा हायवेचा नंबर सहाचा त्रेपन्न झाला तरी आम्ही अजून सहाच म्हणतो. त्यांचं एकच पालुपद: "खेळाडू पैशासाठी नाही, गावासाठी खेळते." पुढे लगेच १९३६ साल येतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी हिटलरच्या बर्लिनमध्ये कबड्डी खेळून दाखवली, ती काय पाकीट घेऊन? हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की सर स्वतःच त्या पोरांच्या बोटीवर होते असं लहान पोरांना वाटतं.

तर अशा सरांच्या पोट्ट्यानं पैसे घेतले. शिव शिव!

ही साथ कुठून आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१४ साली टीव्हीवर प्रो कबड्डी आली आणि खेळाडूंची हर्रास सुरू झाली. पहिल्या वर्षी सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. तेव्हाच गावात दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. २०१८ मध्ये मोनू गोयत दीड कोटीच्या वर गेला. त्याच्या पुढच्या हंगामात आपल्या कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना. २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांना. आणि २०२५ च्या हर्राशीत इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटी २३ लाखांना! संघमालकाजवळच्या रकमेला तिथे 'पर्स' म्हणतात. पहिल्या वर्षी एका पर्समध्ये ६० लाख होते, आता पाच कोटी असतात. आमच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःची पर्स उघडून एकदा आत पाहिलं.

टपरीवर एक अडत्या बसलेला होता. त्यानं तिथल्या तिथे हिशोब केला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका शादलुईत २,७५० क्विंटल कापूस बसतो.

"अन् माल किती?" एकानं विचारलं.

"वजनाची मर्यादा पंच्याऐंशी किलो."

"म्हणजे धड एक क्विंटलबी नाही? बाप्पा!"

"आपला कापूस जराकसा ओला निघाला त वापस धाडते, अन् हा घामानं निथळते तरी पास!"

यावर टपरी गंभीर झाली. घाटाखालच्या माणसानं भावाचा विषय काढला की हसणं फार वेळ टिकत नाही.

बरं, ही नाचक्की एकट्या वडनेरची असती तर झाकली असती. पण परवा पुण्याला आयटीत असलेला एक पोरगा सुट्टीवर आला आणि त्यानं अमेरिकेचीही लाज टपरीवर मांडली. तिथे म्हणे कॉलेजचं बास्केटबॉल हे आपल्या क्रिकेटसारखं वेड आहे. शंभर वर्षं नियम असा, की पोरगा शिकतो, खेळतो, त्याला शिष्यवृत्ती मिळते, पण खेळाचा पैसा घ्यायचा नाही. प्रशिक्षकानं कोट्यवधी घ्यावेत, कॉलेजनं तिकिटं विकावीत, पोरानं घाम पुसावा. २०२१ च्या जुलैत पोरांना स्वतःच्या नावावर, फोटोवर कमावायची मोकळीक झाली. १ जुलै २०२५ पासून तर कॉलेजांनाच थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला जास्तीत जास्त दोन कोटी डॉलरच्या थोडं वर. रुपयांत पावणेदोनशे कोटींच्या घरात.

"मग तिथल्या सरांचं कसं?" हा प्रश्न सगळ्यांनी एकदम विचारला, आणि सगळ्यांनी आमच्या सरांकडे न पाहण्याची काळजी घेतली.

तिथले सर तीन तऱ्हेचे निघाले. एक टोनी बेनेट. २०१९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाला देशाचं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. २०२४ च्या ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर आलेला असताना, पंचावन्नाव्या वर्षी शिट्टी टेबलावर ठेवून घरी गेला. हे नवं वातावरण आपल्या हातचं नाही म्हणाला. दुसरा टॉम इझो. १९९५ पासून एकाच मिशिगन स्टेटचा मुख्य प्रशिक्षक, सत्तरी गाठली. कुरकुरतो, पण मैदान सोडत नाही. तिसरा रिक पिटिनो. तोही सत्तरीपारचा, पण पिशवी घेऊन सरळ बाजारात उतरला, पाहिजे ते खेळाडू उचलले आणि २०२५ मध्ये सेंट जॉन्सला आपल्या गटाचं विजेतेपद मिळवून दिलं.

म्हणजे एक रुसलेला, एक कुरकुरणारा, एक बाजाराला गेलेला. आमचे सर यात कुठे बसतात, यावर टपरीवर पैज लागली. पैशाची नाही, चहाची. एवढी सभ्यता आम्ही अजून सांभाळून आहोत.

आता मला एक सांगा, आपण एवढे दचकलो कशाला? पैसा काय परवा जन्मला? शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवान पोसले, त्यांना खुराक दिला, खासबागेचं मैदान बांधलं. त्याला आपण राजाश्रय म्हणतो आणि हात जोडतो. २०२३ च्या जानेवारीत शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, त्याला मानाच्या गदेबरोबर थार गाडी आणि पाच लाख मिळाले. सगळ्या गावानं त्या गाडीचा फोटो स्टेटसला ठेवला, कोणाची नीती बिघडली नाही. मुंबईच्या कबड्डीत तर व्यावसायिक गटच असतो: रेल्वे, बँका, तेल कंपन्या. पोरगा पकडीला चांगला, म्हणून साहेबानं त्याला नोकरी दिली. हजेरीपटावर कारकून, मैदानावर कोपरारक्षक. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि आमच्या मैदानावर पहाटे पळणाऱ्या निम्म्या पोरांचं लक्ष बोनस रेषेवर नसून पोलीस भरतीवर असतं. हे सरांनाही ठाऊक आहे. तेच तर सांगत आले: "खेळ बाबू, नोकरी लागन." मग नोकरी म्हणजे काय बेलाचं पान?

आणि शंकरपट? तिथे बैलजोडीचे लाखांत भाव होतात, तेव्हा हेच लोक मिशीवरून हात फिरवत सांगतात, "मांगितली होती, आपून देली नाही." २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना मान्यता दिली तेव्हा गुलाल उधळला. बैलाला भाव आला की अभिमान, पोट्ट्याला भाव आला की अब्रूचं खोबरं! आमदारांचं तर मी नाव काढत नाही. त्यांनी संघ बदलला तर आपण त्याला विकासासाठी घेतलेला निर्णय म्हणतो.

खरी मेख वेगळी आहे, आणि ती टपरीवर कोणी मोठ्यानं बोलत नाही. पैसा आधीही होता, पण तो सरांच्या हातून जायचा. बक्षिसाची रक्कम सर ठेवायचे, नोकरीसाठी शब्द सर टाकायचे, बूट कोणाला घ्यायचे ते सर ठरवायचे. आता पलीकडच्या गावचा आयोजक थेट पोट्ट्याला फोन करतो. सरांच्या शिट्टीत हवा तेवढीच आहे, पण ऐकणाऱ्याच्या खिशात दुसऱ्याची नोट आहे. ज्याला उशीर झाला म्हणून उठाबशा काढायला लावायच्या, तोच उद्या तुमच्या पेन्शनपेक्षा जास्त कमावणार असेल, तर आकडा मोजताना आवाज जरा खाली येणारच.

पण यावरही उपाय असतो, हे त्या हर्राशीच्या मंडईतच दिसतं. बी. सी. रमेश पाहा. हर्राशीच्या आधीच्या काळात खेळलेला माणूस. प्रशिक्षक म्हणून २०१९ मध्ये बंगालला आणि २०२४ मध्ये आपल्या पुणेरी पलटणला जिंकवून मोकळा. त्या हंगामासाठी पुण्यानं शादलुईवर २ कोटी ३५ लाख मोजले हे खरं, पण कप्तान कोण? आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, पलटणनं घरीच वाढवलेला. बाजारातून एक आणायचा आणि बाकी वाफ्यात लावायचे, असा तो हिशोब. दुसरे हरियाणाच्या संघाचे मनप्रीत सिंग. २०२४ च्या डिसेंबरात बालेवाडीत संघाला विजेता केलं. टाइमआऊटमध्ये ते कोटीवाल्यालाही असे फैलावर घेतात, की टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो. आणि पकड जमली की त्यालाच कडकडून मिठी मारतात. म्हणजे पैसे मिळाले म्हणून पोट्टा शिव्या खायचा थांबत नाही. फक्त शिव्या देणाऱ्याला खेळ यावा लागतो. नुसतं वय आणि शिट्टी आता चालत नाही, इतकंच.

एवढ्यात काकूंनी टपरीसमोरूनच पिशवी सांभाळत तोंड घातलं. "पोट्ट्यांचं चाललं तुमचं तीन दिवसांपासून. पोरींचा भाव कधी फुटन?" टपरी गप्प. २०२५ मध्ये आपल्या पोरींनी ढाक्याला विश्वचषक जिंकला. त्यांच्यासाठी २०१६ साली पुरुषांच्या हंगामात तीन संघांची चुणूक दाखवली होती, आणि मग कॅमेरे पुन्हा पोरांकडे वळले. त्या खेळतात गावासाठी, देशासाठी, म्हणजे सरांच्या तत्त्वाप्रमाणे एकदम शुद्ध. इतकं शुद्ध राहायचं त्यांना कोणी विचारलं होतं का, हा काकूंचा प्रश्न. उत्तर न घेताच त्या गेल्या.

आता शेवटचं, आणि हे मात्र खरंच कोणाला सांगू नका.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो पोट्टा आला. मान खाली, हातात पेढ्यांचा पुडा. टपरीवर भेंडवळची घटमांडणी ऐकायला जमतात तशी गर्दी. त्या घटात पाऊस कळतो, पीक कळतं, राजाची गादी कळते. सरांच्या गादीचं आज काय होतं ते पाहायला सगळे आलेले. सरांनी पुड्याकडे पाहिलंही नाही. तत्त्वाचं भाषण सुरू झालं. १९३६ आलं, बर्लिन आलं, बोट किनाऱ्याला लागणार तेवढ्यात अंड्याच्या गाडीवाला भाऊ मधेच बोलला.

"सर, रागावू नका. पैसे देऊन पोट्टे खेळवू नाही म्हणता, त माह्या वहीत हे काय हाय?"

त्यानं वही काढली. दर पोट्ट्याला रोजची दोन अंडी, खातं सरांचं. नांदुऱ्याच्या स्पर्धेचं एसटी भाडं, उसने घेतलेले. बुटांचा एक जोड, हप्त्यानं. पानंच्या पानं. वडनेरात प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून एक फ्रँचायझी चालू होती आणि तिची पर्स मास्तरच्या पगारातून भरत होती, हे चार लोकांत असं उघडं पडलं.

सर लाल झाले. "ते पैसे नव्हते," म्हणाले. "अंडे होते."

कोणी हसलं नाही. सरांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि बोटानं ओळी मोजत खाली आले. मग पोट्ट्याकडे वळून पहिल्यांदा तोंडावर विचारलं, "किती देले त्याइनं?"

"पंधराशे, सर."

पाचशेवाले, दोन हजारवाले, पाच हजारवाले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सरांचा चेहरा असा झाला, जसा कापूस भरून नेलेल्या माणसाचा भाव ऐकल्यावर होतो.

"पंधराशे?" सर ओरडले. शिट्टीपेक्षा मोठ्यानं. "लेका, वर्षाचे नुसते अंडे साडेतीन हजाराचे झाले तुह्ये! अन् तू पंधराशात गेला? पुढच्या वर्षी त्याइचा फोन आला त मले दे. तू बोलू नको."

चहाची पैज अजून सुटलेली नाही.