क्रमांकांचा कारभारी

बंगळुरूच्या के. आर. पुरममधल्या मोठ्या सोसायट्यांत मराठी कुटुंबे जमली, की त्यांच्यात एक क्रमांक-कारभारी निघतोच. दिवसा तो व्हाइटफील्डला कोड लिहितो, संध्याकाळी टिन फॅक्टरीची कोंडी सोसतो आणि रात्री गणेशोत्सवाच्या सभेचे इतिवृत्त लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवतो. बाकीचे सभासद वर्डवर किंवा थेट व्हॉट्सअ‍ॅपवर भागवतात. त्यांचा त्याला राग येत नाही, कीव येते.

या क्रमांकांच्या वेडाचे मूळ परिसरातच असावे. इथे प्रत्येक लेआउटमध्ये गल्ल्यांचे क्रमांक ‘फर्स्ट क्रॉस’पासून नव्याने सुरू होतात आणि डिलिव्हरीवाला फोनवर रडकुंडीला येतो. लाटेकची यादीही मध्येच बंद करून पुन्हा उघडली, की १ पासूनच निघते; पण तिथे कारभाऱ्याची सत्ता चालते. एन्युमआयटेम पॅकेज घेऊन ‘रिझ्यूम’ लिहिले, की तुटलेली यादी मागचा आकडा धरून पुढे जाते. पॅकेज नसेल तर यादीच्या गणकात (काउंटरमध्ये) आकडा हाताने भरावा लागतो. सुरुवात ५ ने हवी असेल तर भरायचे ४, कारण ‘आयटेम’ ही आज्ञा गणक आधी एकने वाढवते आणि मग छापते. हे तो नवख्याला चहा गार होईपर्यंत समजावतो.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक रचले. त्यातल्या क्रमांकित यादीला मुळात चारच पातळ्या. सजावट, फुले, झेंडू, पिवळा झेंडू इथवर निभावते. पिवळ्या झेंडूचेही प्रकार पाडू गेल्यास यंत्र ‘टू डीपली नेस्टेड’ म्हणून हात वर करते. सभासदांनी ते दुसऱ्या पातळीलाच केलेले असतात.

खरी कसोटी पोटकलमांची. सरकारी कागदांत ती अ, ब, क, ड अशी इंग्रजीच्या चालीवर धावतात. समितीतले ज्येष्ठ काका मात्र क, ख, ग, घ वर अडून बसतात (घ नंतर ङ घ्यायचा का, हे विचारले की विषय बदलतात). कारभारी दोन्हींसाठी वेगळ्या आज्ञा लिहून ठेवतो आणि अध्यक्ष कोण ते पाहून वापरतो.

आपोआप पडणाऱ्या क्रमांकांचा धोका यादी वाटून झाल्यावर कळतो. तिसऱ्या कलमानंतर ‘वर्गणी’ घुसवली, की खालची सगळी कलमे एकेक घर सरकतात. मजकुरातले संदर्भ दोनदा चालवल्यावर सुधारतात, माणसे सुधारत नाहीत. ‘सात नंबर तुमचा’ एवढेच लक्षात ठेवलेले गृहस्थ नवी यादी पाहून मंडपाऐवजी मोदकांची ऑर्डर देऊन येतात. म्हणून मुरलेला कारभारी उशिरा आलेल्या कलमाला चौकटी कंसात स्वहस्ते ‘३अ’ लिहितो. अशा कलमाने गणक हलत नाही. पुढचे कलम चौथेच राहते आणि मंडप सातवर.