भोगवटादार

बढतीचं पत्र हातात पडलं त्या संध्याकाळी मी पहिलं काम केलं ते बूट घेण्याचं. काळे, चामड्याचे, लक्ष्मी रोडवरचे. सव्वीस वर्षं भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत सेफ्टी शूज घालून माझ्या पायांना स्वतःचा असा आकार उरला नव्हता. त्या टोकदार बुटात पाय कोंबताना डोळ्यांत पाणी आलं. दुकानदाराला वाटलं आनंदाश्रू, म्हणून त्याने पॉलिशची डबी फुकट दिली. या बुटांचं पुढे काम आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ही २०१९ सालची गोष्ट. तोवर मी गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कंपनीत फॅक्टरी मॅनेजर होतो. आता डायरेक्टर, ऑपरेशन्स झालो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये मॅनेजरला मानाचं पान होतं. इन्स्पेक्टर आला की आधी त्यालाच शोधायचा. त्याच्याही वर असायचा तो ऑक्युपायर. कारखाना कंपनीचा असेल तर ऑक्युपायर हा डायरेक्टरच लागायचा; सुप्रीम कोर्टाने १९९६ साली तेही पक्कं करून टाकलं होतं. मराठीत त्याला म्हणतात भोगवटादार. सातबाऱ्यावर हा शब्द पाहिलेला असल्यामुळे चाकणमध्ये दोन-चार गुंठे आपल्या नावावर लागणार अशी माझी उगाचच समजूत झाली.

मला भोगवटादार नेमल्याचा कागद बायकोने वाचला आणि म्हणाली, "अहो, यातला भोग कळला. वाटा कुठाय?"

हाच प्रश्न मी जरा शुद्ध भाषेत कंपनी सेक्रेटरींना विचारला. ते शांतपणे म्हणाले, कायद्याचा भंग झाला तर मॅनेजर आणि ऑक्युपायर दोघेही दोषी. प्रत्येकी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"मग माझं वाढलं काय?"

"शिक्षा तेवढीच आहे सर. केबिन मोठी आहे."

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, अभिनंदन! कँटीनचं कंत्राट कधी निघतंय?" मी सावध माणूस. पुन्हा सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी २०१३ च्या कंपनी कायद्याखालची नातेवाइकांची यादी पुढे केली. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सावत्रसुद्धा होते. मेहुणा नव्हता. मी यादी तीनदा वाचली. एवढा मोठा कायदा संसदेत पास झाला आणि त्या दोन्ही सभागृहांत एकालाही मेहुणा नसावा?

रात्री घरी हौसेने ही बातमी सांगितली. बायको म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ तुमचा कुणीच नाही!" पुढचे चार दिवस चहा आला तो कपावर बशी झाकून, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. मेहुण्याने मात्र बातमी उलट्या बाजूने घेतली. "नातेवाईकच नाही? मग अडचण कसली दाजी? टेंडर पाठवा!"

पहिली बोर्ड मीटिंग. सात दिवस आधी नोटीस आली, सोबत दोनशे पानांचं बाड. मी ते परीक्षेसारखं वाचलं. पेंट लाइनचा अडतीस कोटींचा प्रस्ताव होता, त्यात परकीय चलन, हेजिंग, डेट कव्हनंट असले शब्द. इतर डायरेक्टर मान हलवत होते, मीही हलवली. चार मिनिटांत अडतीस कोटी गेले. पुढचा विषय आला कामगारांच्या दुचाकींसाठी पत्र्याची शेड. इथे मात्र माझा कंठ फुटला. पत्रा किती गेजचा, उतार कुठल्या बाजूला, पावसाचं पाणी गेटवर कसं तुंबतं, मोपेड आणि बुलेट एका रांगेत का लावू नयेत, असा मी पस्तीस मिनिटं बोललो. अध्यक्ष ऐकत होते. शेवटी म्हणाले, "शेडबद्दल आता मनात काही शंका राहिली नाही."

मला ही शाबासकी वाटली. मुलीने पार्किन्सनचं पुस्तक हातात ठेवलं तेव्हा उलगडा झाला. या इंग्रज गृहस्थाने १९५७ सालीच लिहून ठेवलंय, की समितीत अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि सायकलच्या शेडवर पाऊण तास चर्चा चालते. त्यांच्या हिशेबाने मी दहा मिनिटं वाचवली होती.

खरी पंचाईत वेगळीच होती. मला काम नव्हतं. म्हणजे कॅलेंडर गच्च भरलेलं, पण त्यात हाताला लागणारं काही नाही. पूर्वी सकाळी सातला प्रेसशॉपमधून फेरी मारली की नुसत्या आवाजावरून कळायचं, तीन नंबरचा क्लच घसरतोय. आता केबिनमध्ये एसीचा आवाज. त्यातही काही बिघाड सापडतो का म्हणून मी कान लावून बसायचो. माझ्या जागी आलेला मॅनेजर माझ्याच हाताखाली तयार झालेला, गुणी मुलगा. मी रोज त्याला आठ-दहा फोन करायचो. तो आठ-दहा वेळा "हो सर" म्हणायचा आणि त्याला हवं तेच करायचा. हे मीच त्याला शिकवलं होतं.

एका गुरुवारी रात्री मला राहवलं नाही. साडेअकराला गाडी काढली. चाकणचा तळेगाव चौक एरवी जन्म खातो, त्या रात्री रिकामा होता. तेव्हाच शकुन ओळखायला हवा होता. गेटवर सिक्युरिटीने सलाम ठोकला, खाली बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बूट."

सेफ्टी शूजशिवाय कुणीही आत जायचं नाही, मग तो कुणी का असेना, असा बोर्ड तिथे होता. खाली सही माझी. मग पाहुण्यांसाठीच्या पिवळ्या लोखंडी टोप्या लक्ष्मी रोडच्या बुटांवर चढवून मी खडखड करत प्रेसशॉपमध्ये शिरलो.

सहाशे टनांच्या प्रेसवर डाय बदलायची वेळ होती. आता यात माझा जीव आहे. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरने टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलायला लागणारे चार तास आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले. ती गोष्ट मी या पोरांना इतक्यांदा सांगितली होती, की शिंगो आपल्या खेडचाच असावा असं त्यांना वाटे. आमचा विक्रम अकरा मिनिटांचा. मी बाह्या सरसावल्या. "सरका, दाखवतो."

पोरं सरकली. मॅनेजरने कधीतरी नवी प्रेस बसवून घेतली होती. तिच्यात डायचा नंबर टाकला की शट हाइट आपोआप लागते. त्या खर्चाला मीच मंजुरी दिली होती, बहुधा मान हलवून. मी मात्र "मशीनवर विश्वास ठेवायचा नाही" म्हणत हाताने मोजायला लागलो. माप चुकलं. पुन्हा मोजलं. मग क्लॅम्प घट्ट करायला वाकलो, पायातली एक टोपी निसटली आणि गडगडत डायखाली गेली. ती काढेपर्यंत दहा मिनिटं. मग प्रेस चालू होईना. बटण दाबलं की लाल दिवा. इलेक्ट्रिशियन आला, फ्यूज तपासले, वायरी तपासल्या. शेवटी जुना सेटर खाली मान घालून, भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेब, जरा मागं व्हा. लाइट कर्टनमध्ये पोट येतंय."

एकूण सत्तेचाळीस मिनिटं. पोरांनी चहा पाजला, गेटपर्यंत सोडायला आली.

पुढच्या महिन्याच्या रिव्ह्यूत डाउनटाइमचा चार्ट पडद्यावर आला. हायड्रॉलिक, कॉइलची वाट बघणे, सेन्सर, सगळी नेहमीची मंडळी. शेवटी एक नवा दांडा : 'इतर, ३६ मिनिटं'. मला या 'इतर'चा भारी राग. "इतर म्हणजे काय? मी सांगितलंय ना, कारण लिहायचं! व्हाय-व्हाय केलं का?"

मॅनेजर जागचा हलला नाही. "केलंय सर."

"दाखव."

त्याने पुढची स्लाइड लावली. प्रेस का थांबली? लाइट कर्टन अडला. का अडला? अनधिकृत व्यक्ती मशीनजवळ होती. का होती? व्यक्तीने ऑपरेटरला बाजूला केलं. का केलं? व्यक्ती रात्रपाळीत कारखान्यात आली. का आली?

पाचवं उत्तर जुन्या सेटरच्या अक्षरात होतं, कागदाचा फोटोच लावला होता : 'वरती काम नसल्यामुळे.'

खोलीत एसीचा आवाज येत होता. त्यात काही बिघाड नव्हता.

"उपाययोजना?" मी विचारलं.

"एक सुचवलीय सर. सेफ्टीचा विषय आहे, म्हणून ऑक्युपायरची सही लागेल."

त्याने कागद पुढे सरकवला. मी खिशातून पेन काढलं आणि भोगवटादार म्हणून सही केली. त्या दिवसापासून रात्री दहानंतर पिवळ्या टोप्या कुलपात असतात.