शेंगदाण्याएवढा फरक

सासरे गेले तेव्हा मेहुण्याला कोथरूडचा फ्लॅट मिळाला आणि आमच्या वाट्याला लांज्याकडची 62 कलमं आली. कलमं हापूसची, सडा जांभ्याचा आणि सड्यावर जाणारा रस्ता कुणाच्याच बापाचा नाही. डांबर संपतं तिथं एक फणस आहे. आमची अकरा वर्षांची हॅचबॅक त्या फणसाखाली येऊन ‘आता तुमचं तुम्ही बघा’ अशा चेहऱ्यानं उभी राहते. पुढे दोन किलोमीटर : आधी जांभ्याची घाटी, मग पऱ्या, मग पुन्हा चढ. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या डोक्यावरून फणसापर्यंत येतात आणि माणशी किती पेट्या यावरून दरवर्षी भांडण होतं.

“आपण फोर बाय फोर घेऊ,” असं मी एका मे महिन्यात घाम पुसत म्हणालो. त्याला आता दोन वर्षं झाली.

फ्लॅट मिळाल्याचं मेहुण्याला मनातून जरा वाईट वाटत असावं. म्हणून गाडी निवडायचं काम त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. त्याला गाडी चालवता येत नाही. पण गाड्यांविषयी तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघतो.

आधी आम्ही पिकअपच्या नादी लागलो. आंबे न्यायचेत ना, मग मागे हौदा हवाच, हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 पासून आपल्याकडे मिळते. रुबाब असा की शेजारी उभं राहिलं की आपलीही छाती दोन इंच फुगते. लांबी साधारण 5.3 मीटर. आमच्या सोसायटीनं पिवळ्या रंगात आखून दिलेला चौकोन पाच मीटरचा. रात्री अकराला टेप घेऊन आम्ही खात्री केली : उरलेलं शेपूट शेजारच्या काकांच्या तुळशीत जात होतं. टोयोटाचा हायलक्स तर त्याहून दोन बोटं लांब. 2022 च्या मार्चमध्ये तो आला तेव्हा किंमत 33.99 लाखांपासून, म्हणजे 34 लाखांना एक हजार कमी, बाटाच्या चपलेसारखी. आमच्या बागेचं उत्पन्न वानरं, माकडं आणि नातेवाईक यांना वजा जाता वर्षाला वीस-बावीस पेट्या. मेहुण्यानं मोबाइलवर हिशेब मांडला आणि उत्तर न सांगताच मोबाइल खिशात घातला.

तरी मी घरी फोटो दाखवला. सासूबाईंनी चष्मा वर करून नीट पाहिला.

“टेम्पो घेताय?”

“टेम्पो नाही, आई. पिकअप. पांढऱ्या पाटीवर मिळतो.”

“मागं हौदा आहे ना? मग टेम्पोच.”

पिकअपचा विषय तिथंच मिटला. चौतीस लाख घालून जन्मभर ‘जावयानं टेम्पो घेतला’ हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग एसयूव्ही. इथे रिंगणात तीन मल्ल होते : थार, गुरखा आणि जिम्नी. आम्ही ओळीनं तिन्ही शोरूम केली. ज्योतिर्लिंगं करतात तशी, सासूबाईंना घेऊन.

तीन दारांची थार आली 2020 च्या 2 ऑक्टोबरला. अहिंसेच्या मुहूर्तावर इतकी दांडगट गाडी आणण्यामागे काय विचार होता, कोण जाणे. या घराण्याचा इतिहास मला फार आवडतो. 1945 साली कंपनी निघाली ती ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावानं. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, आधी अर्थमंत्री आणि पुढे थेट गव्हर्नर जनरल झाले. इकडे पाटीवर मागे ‘महिंद्रा’ राहिलं आणि कारखान्यात विलिजच्या जीप जुळत राहिल्या. हे सगळं मी सासूबाईंना सांगत होतो तेव्हा त्या पुढची सीट पाडून मागे शिरत होत्या. गाभाऱ्यात शिरताना वाकतो तशा वाकून त्या आत गेल्या आणि गाभाऱ्यात बसाव्यात तशाच बसल्या. बाहेर यायला मात्र त्यांना मी, मेहुणा आणि शोरूमचा एक होतकरू तरुण असे तिघे लागलो.

“गाडी छान आहे,” पदर सावरत त्या म्हणाल्या, “फक्त मला पुण्यातच ठेवा.”

पाच दारांची रॉक्स 2024 च्या ऑगस्टमध्ये आली आणि हा प्रश्न सुटला असं मला वाटलं. पण मेहुणा दोन वाजेपर्यंत जागा असतो. “दारं वाढली की पोट लांब होतं,” तो म्हणाला. तीन दारांच्या थारची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून 2450 मिलिमीटरवर, रॉक्सची 2850 वर. पुढची चाकं उंचवट्यापलीकडे उतरली आणि मागची अजून अलीकडेच असली की मधलं पोट दगडावर टेकतं. जितकं अंतर जास्त तितकं टेकायचं भय जास्त. आमच्या घाटीत जांभ्याच्या पायऱ्याच पायऱ्या. म्हणजे सासूबाई आत बसणार, पण गाडी त्यांना घेऊन पायरीवर बसणार.

गुरख्यापुढे मात्र मेहुणा देवळात आल्यासारखा चप्पल काढायच्या बेतात होता. उजव्या-डाव्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल नावाचा एक न्यायाधीश बसवलेला असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून तो दोघांना वेगवेगळं फिरू देतो. इथवर शहाणा. पण एक चाक चिखलात किंवा हवेत गेलं की त्याचं डोकं फिरतं : जे चाक फुकट गरगरतंय त्यालाच तो सगळी फिरकी देतो आणि जमिनीवर पाय रोवून उभं असलेलं बिचारं चाक बघत बसतं. सरकारी कचेरीत चाळीस वर्षं काढलेल्या माझ्या सासऱ्यांना हे एका वाक्यात कळलं असतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि मोकळ्याचे लाड बंद होतात. थारच्या वरच्या मॉडेलात असा लॉक मागे मिळतो, गुरख्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे. जिम्नी घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर पोचवते. म्हणजे छडी नाही, नुसते डोळे वटारणं.

“हे धुराडं कशाला?” सासूबाईंनी गुरख्याच्या काचेशेजारून वर गेलेल्या काळ्या नळीकडे बोट दाखवलं.

“धुराडं नाही, आई. नाक आहे. इंजिन वरून श्वास घेतं.” हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं की आतला लोखंडी दांडा वाकतो आणि मग गाडी पाण्याबाहेर येते ती दुसऱ्या गाडीच्या मागे दोरीनं. म्हणून हे नाक. पुस्तिकेप्रमाणे गुरखा 700 मिलिमीटर पाण्यातून जातो, थार 650.

त्या नाकाला हात लावून पाहत म्हणाल्या, “आणि ही कोणाची?”

इथे मी फसलो. फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव ‘टेम्पो’. फिरोदियांनी 1958 साली त्यांच्याशी हातमिळवणी करून ती तीन चाकं इकडे आणली. तेव्हापासून मराठी माणूस मागे हौदा असलेल्या कुठल्याही वाहनाला टेम्पोच म्हणतो. गावोगावी वडापला पळणारी ट्रॅक्सही याच घरातली.

“म्हणजे टेम्पोच,” सासूबाई म्हणाल्या.

जिम्नीची हकिगत थोडक्यात. 2023 च्या जूनमध्ये ती आली. जिप्सीच्या गोत्रातली, वजन साधारण 1200 किलो, पार्किंगच्या चौकोनात घातली तर वर स्कूटरपुरती जागा उरते. बायकोला ती बघताक्षणी आवडली. मेहुणा म्हणाला, “जरा बारीक नाही वाटत?” यावर बायकोनं त्याच्याकडे नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

आता उरले आकडे. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा : जिम्नी 210 मिलिमीटर, थार 226, गुरखा 233. थार आणि गुरख्यात सात मिलिमीटर. सात मिलिमीटर म्हणजे एका शेंगदाण्याची जाडी. त्या शेंगदाण्यापायी मी दोन रात्री तळमळलो. तिसऱ्या रात्री मेहुण्याला साक्षात्कार झाला : आपण गाड्या मोजतोय, रस्ता कुठे मोजलाय?

म्हणून जुलैतल्या एका शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघालो, हॅचबॅकनं, अर्थात. डिकीत पन्नास मीटरची टेप, वही आणि चिव्याची एक सरळ काठी. काठीवर बायकोच्या नेलपॉलिशनं खुणा केल्या होत्या : खाली दगडांसाठी तीन बारीक, वर पाण्यासाठी लाल 650 ला आणि हिरवी 700 ला. हिरवं नेलपॉलिश बायकोनं केव्हा आणि का घेतलं होतं, हा विषय खंबाटकीपर्यंत पुरला असता. पण ती सोबत नव्हती.

कऱ्हाडला महामार्ग सोडला. मलकापुरात चहा घेतला. वाटेत खरे पिकअप भेटत होते : एकात शेळ्या, एकात मांडवाचे खांब, एकात वराकडची मंडळी उभ्यानं. सगळ्यांच्या हौद्याला पोचे, आणि एकाचाही मालक पुस्तिका वाचून गाडी घेतल्यासारखा दिसत नव्हता. आंबा घाटात धुकं इतकं की बॉनेट हे ऐकीव माहितीवर मानावं लागत होतं. त्या धुक्यातून मेहुणा मला घाटी चढताना पहिला गिअर टाकावा की दुसरा, हे समजावत होता. साखरप्याला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. फणसापाशी पोचेस्तोवर पुन्हा धो-धो.

मेहुण्यानं नारिंगी रेनकोट चढवला आणि टेपचं टोक धरून घाटीच्या तोंडाशी उभा राहिला. मी काठी दगडाला लावून आकडे ओरडत होतो. चौथ्या दगडापाशी एक छत्री येऊन थांबली.

“मोजणी काय?”

“हो, जरा मोजतोय,” मी म्हणालो.

ते ‘हो’ मला फार महाग पडलं. दहा मिनिटांत सात छत्र्या जमल्या. पलीकडच्या वाडीला महामार्गात कलमांचा मोबदला मिळाला होता, ही जखम ताजी होती.

“आमची चौदा कलमं रस्त्यात जातायत. लिवून घ्या.”

“काजी पण धरा ओ. दोन हायत.”

“पावसात मोजणी म्हणजे अर्जंट दिसतंय,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

एका घरून कोरा चहा आला. वहीत ‘चौथा दगड 240’ लिहिलं होतं. ते वाचून एक म्हातारबुवा गंभीर झाले. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं : मला गाडी घ्यायची आहे, म्हणून मी रस्ता मोजतोय.

छत्र्यांखाली शांतता पसरली.

“गाडी घ्यायला रस्ता मोजताव?” पहिली छत्री म्हणाली. मग समजूतदारपणे मान हलली. “बराबर हाय. आत्ताच काय बोलता येत नसंल तुमाला.”

240 चा तो चौथा दगड गुरख्याच्याही पोटाला सात मिलिमीटर लागत होता. पुन्हा तोच शेंगदाणा. मेहुणा म्हणाला चाक दगडावर चढवायचं, पोटाखाली घ्यायचा नाही. हे त्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी त्या दोन रात्री झोपलो असतो.

पऱ्यापाशी पोचलो तेव्हा पाणी लाल खुणेच्या वीतभर खाली होतं. थार पास. मेहुण्यानं वहीत बरोबरची खूण केली. एवढ्यात वर कुठेतरी पाऊस कोसळला असणार. पाण्याचा रंग चहासारखा झाला, लाल खूण बुडाली आणि आम्ही बघता बघता हिरवीही गेली. पाव तासात तिन्ही मल्ल चीत. काठी हातातून सुटली ती आमच्याच बागेच्या बांधाला जाऊन अडकली. गाडीच्या शोधात असलेल्या या घरातून पऱ्यापार गेलेली तेवढीच एक वस्तू.

तात्या आमच्या बागेची राखण करतात. ते साकवावरून शांतपणे चालत आले आणि काठी परत देत म्हणाले, “पाणी कशाला मोजताव?”

“तात्या, गाडी यातून नेता आली पाहिजे.”

“आत्ता?”

“हो, म्हणजे पावसात.”

“पावसात कलमाकडं काय हाय? आमीच जात नाय. आंबं कवा काढताव?”

“एप्रिल, मे.”

“तवा हितं गुरांना प्यायला पाणी नसतंय.”

मेहुण्याचा चेहरा बघवेना. 650 की 700 या एका वादावर त्यानं किती रात्री घालवल्या होत्या! आंबे असतात तेव्हा पाणी नाही, पाणी असतं तेव्हा आंबे नाहीत. हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटलं असतं. “पण समजा,” तो क्षीण आवाजात म्हणाला, “मे महिन्यात वळीव पडला...” तात्यांनी विडी पेटवली.

परत फिरलो तेव्हा घाटीच्या दोन्ही बाजूंना, चिखलाचे आळे ओलेच, अकरा नवी कलमं ओळीनं लागली होती. जाताना ती नव्हती. पहिली छत्री एका कलमाला काठीचा आधार बांधत होती. आम्ही एकमेकांकडे न बघता पुढे गेलो.

पुढच्याच आठवड्यात पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. शेजारच्या नाल्यानं सोसायटीचं फाटक पाण्यात घेतलं आणि हॅचबॅक आत अडकली. मी खाली उतरलो. सवयीनं हातात काठी होती. फाटकाशी उभं राहून खोली बघितली : लाल खुणेला चार बोटं कमी. थार गेली असती, गुरखा आरामात. दोन वर्षांत पहिल्यांदा आकडे उपयोगी पडत होते. घाईनं वही काढून मी लिहू लागलो.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून आवाज आला, “रस्तारुंदी का हो?”

मी वर पाहिलं. वाडीवरच्या त्या ‘हो’ची आठवण ताजी होती, म्हणून गप्प राहिलो. बाल्कनीतल्या काकूंनी क्षणभर वाट पाहिली आणि मग माझ्या वहीकडे बोट केलं.

“लिहून घ्या. माझ्या कुंड्या सात आहेत.”