मामा, जरा सरका

(परभणीहून रात्री सुटलेली ट्रॅव्हल्स. पहाटे अकोले तालुक्यातलं साम्रद, तिथून वाटाड्याबरोबर सांदण दरीत. एका बाकावर दोघे : नवा कॅमेरा मांडीवर घेतलेले सर आणि लग्नाचे फोटो काढणारा भाऊ.)

सर : ॲरिझोनाच्या अँटिलोप कॅनियनचे सगळे व्हिडिओ बघितलेत, भाऊ. उन्हाचा झोत सरळ खाली उतरतो!

भाऊ : तिथं तांबडा वालुकाश्म, सर. आपल्या सांदणचा काळा बसाल्ट. ऊन गिळतो आणि ढेकरही देत नाही.

सर : म्हणून तर स्टँड आणलाय.

भाऊ : मांडणार कुठं? खाली धोंडे, मागं चाळीस माणसं. तुमच्या ॲरिझोनातही आता स्टँड अन् सेल्फीची काठी दोन्ही नेऊ देत नाहीत. आयएसओ चढवा. फोटोत दाणे आले तर येऊ द्या, हललेला फोटो कुणाच्याच कामाचा नाही.

सर : फ्लॅश?

भाऊ : ओल्या भिंतीवर नुसता पांढरा डाग येतो. वरमायच्या घामेजल्या कपाळावर मारून बघा एकदा.

सर : मग ऑटोवर ठेवतो.

भाऊ : ऑटोला काळं दिसलं की तो उजळवत सुटतो. नवरदेवाचा काळा कोट राखाडी येतो तो त्यानंच. एक्स्पोजर थोडं मायनस करा. कॅमेरा वर धरा, म्हणजे टोप्या न् सॅका खाली राहतात. पण आभाळाच्या अलीकडं थांबा, ते पांढरंफट्ट येतं. दुपारी ऊन वरच्या भिंतीवर पडून समोरच्या भिंतीवर उडतं, तो उजेड धरायचा.

सर : मला माणसांशिवाय दरी पाहिजे.

भाऊ : शनिवारी चाळीस जणांच्या गाडीत बसून? वाटाड्याला सांगून शेवटी राहा. पुढची टोळी वळणाआड गेली की मागची येईस्तोवर जेवढं मिळेल तेवढं तुमचं. आणि एक माणूस लांब राहू द्याच. नाहीतर दोनशे फुटी भिंत दाखवाल आणि घरी मॅडम म्हणतील, हा कुठला नाला?

सर : कुणी मधेच उभं राहिलं तर?

भाऊ : ‘मामा, जरा सरका’ म्हणायचं. उरुसाच्या गर्दीत ऐकतात, दरीत का नाही ऐकणार? ज्याला भाचा नाही तोही सरकतो.

सर : पाणी लागतं म्हणे.

भाऊ : सुरुवातीलाच डोह. हिवाळ्यातसुद्धा चड्डी भिजते. कॅमेरा प्लास्टिकात बांधून डोक्यावर घ्या. पावसाळ्यात तर उतरायचंच नाही, डोंगराचं पाणी ह्याच घळीतून कोकणाकडं पळतं. पण शेवटचा माणूस पार झाला, पाणी निवळलं की त्या डोहात दोन्ही भिंती उलट्या उभ्या राहतात. फोटो तिथं आहे, सर. तुमचे चाळीस जण तेव्हा पुढं पळायलेले असतात.

सर : आणि माझा फोटो?

भाऊ : मी आहे की. अल्बमही करून देतो. फक्त माझ्या अल्बमच्या प्रत्येक पानावर ‘शुभविवाह’ आधीच छापलेलं असतं. तेवढं मॅडमला तुम्ही समजावा.