वाकणं पुरे, आता कचरा शिकवा

निशी-कासाई, टोकियो

ती. सौ. ताईंस,


बाळ्याचा व्हिडिओ पाहिला. इथे कॉलेजला यायचं म्हणून पुण्यात जपानी चालीरीतींचा क्लास लावलाय आणि भोरच्या घरात जो दिसेल त्याच्यापुढे वाकतोय. येता-जाता १५ अंश, पाहुण्यांना ३०, माफी मागायची तर ४५. पोराची कंबर धरली समजून सासूबाईंनी बाम चोळला, हे ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो. कोन बरोबर आहेत हो, पण विद्यार्थ्याने मान लववली तरी भागतं. खरं लागणारं काही त्या क्लासात शिकवलेलं दिसत नाही.

चपला काढणं त्याला नवीन नाही. इथे त्या दाराच्या आत, पायरीखाली काढायच्या आणि तोंडं दाराकडे वळवून ठेवायच्या. संडासातल्या सपाता वेगळ्या. त्याच घालून खोलीत आला, तर घरची बाई बोलत नाही, नुसती बघते. (सासूबाईंच्या तोडीचं बघणं.) आणि मोज्यातून अंगठा डोकावता कामा नये.

आमटीचे भुरके मारतो म्हणून तुम्ही त्याला जन्मभर रागावलात ना? इथे रामेन, सोबा या नूडल्स भुरके मारतच खातात! त्या विषयात तो आल्याआल्या पास. मात्र भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवायच्या नाहीत. तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. एकाच्या काड्यांतला घास दुसऱ्याने काड्यांनी घ्यायचा नाही. दहनानंतर अस्थी तशा उचलतात. सासूबाईंना हे लगेच पटेल.

भोर-स्वारगेट एसटीत कुणाच्या बांधाचं भांडण कुठवर आलं, ते कापूरहोळ यायच्या आत सगळ्या गाडीला कळतं. इथे लोकलमध्ये फोनवर बोलणंच असभ्य. माझं माहेर वेल्ह्याचं (आता कागदोपत्री राजगड तालुका), तोरण्याच्या पायथ्याशी या वावरातून त्या वावरात हाळी देत वाढलेली मी. माझी काय दशा झाली असेल, विचारू नका.

अंघोळ टबाबाहेर साबण लावून, अंग धुऊन उरकायची आणि मग टबात नुसतं बसायचं. तेच पाणी घरातल्या सगळ्यांना, म्हणून उठताना बूच काढायचं नाही.

नव्या घरी राहायला आलं की शेजाऱ्यांकडे छोटी भेट घेऊन जातात. बाकरवडीची पाकिटं द्या. तेही परत काहीतरी देतील; आपण शेजारणीचं भांडं रिकामं धाडत नाही, तसंच. शेजार सांभाळला की इथे परकेपण फार राहत नाही. आपले मराठी योगेंद्र पुराणिक तर २०१९ साली आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते.

पण सगळ्यांत अवघड पेपर कचऱ्याचा. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या-डबे वेगळे, रद्दी सुतळीने बांधून. पाण्याची बाटली विसळायची, टोपण काढायचं, वरचा कागद सोलायचा. प्रत्येकाचा वार ठरलेला, आणि तोही सकाळी आठच्या आत. वार चुकला तर पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवतात, आख्ख्या आळीला दिसेल अशी. तिथे ४५ अंश वाकूनही सुटका नाही.

तेव्हा ताई, क्लासचा पुढचा हप्ता भरू नका. इथलं कॉलेज एप्रिलमध्ये सुरू होतंय. तोवर घरातली भांडी, संडास-मोरी आणि कचरा बाळ्याच्या अंगावर टाका. तो कुरकुरला तर म्हणावं, काकूने जपानहून अभ्यासक्रम पाठवलाय.

तुमची,
धाकटी जाऊ